शिल्पाचा घर नंबर

या, असे पुढे येऊन बसा. भिंतीला टेकून बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते, हा माझा कीर्तनातला जुना अनुभव आहे. मी स्वतः कायम पहिल्या रांगेत असतो, बुवांच्या उपरण्याचा वारा लागेल इतका जवळ. आज तुम्ही तसे बसा. एका घराची गोष्ट सांगतो. त्या घराला पायऱ्या तीन, खिडकी एक, भिंती अडीच आणि छप्पर अर्धं. ते मी कागदावर काढलं, एका गवंड्यानं बांधलं आणि सरकारी कचेरीनं पाडायला घेतलं. गोष्ट संपल्यावर तुमच्याकडे एक मागणं आहे. तेवढ्यासाठी तरी मधेच उठू नका.

मी इमारत परवानगी विभागात आरेखक होतो. चौतीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले आणि तपासले. निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प राहावं, पण सोसायटीच्या सभेत गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. सोसायटीला पंचवीस वर्षं होणार होती आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यात, जिथे आजवर फक्त कचरा साचला, तिथे काहीतरी सुंदर उभारायचं ठरत होतं. सेक्रेटरींनी सिमेंटचा हंस सुचवला. चोचीतून पाणी पडणारा.

"हंसाचा आपल्याशी काय संबंध?" मी म्हणालो. "इथे चाळीस घरं आहेत. घर म्हणजे काय, हे सांगणारं एखादं शिल्प उभारा की!"

सभेत एकदम शांतता पसरली. मला वाटलं, विचारानं सगळे भारावले. प्रत्यक्षात हे काम आपल्या गळ्यात पडू नये म्हणून सगळ्यांनी श्वास रोखला होता. माझं तोंड मिटायच्या आत सेक्रेटरींनी इतिवृत्तात माझं नाव लिहून टाकलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपाटात कपडे ठेवत होती. कपाटाचं दार तिनं गुडघ्यानं अडवून धरलं होतं, कारण ते एका बिजागरीवर लोंबत होतं.

"हे दार सहा महिने असंच आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही गावाला घराचा अर्थ सांगणार. बरं आहे."

मी आधी एका खऱ्याखुऱ्या शिल्पकाराकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "घर म्हणजे भिंत नव्हे. भिंतींनी अडवलेली पोकळी. मी तुम्हाला पोकळी करून देईन."

"पण ती दिसणार कशी?"

"दिसली तर पोकळी कसली?"

हे मी सेक्रेटरींना जसंच्या तसं कळवलं. ते म्हणाले, पोकळी आपल्याकडे आत्ताही आहे, फाटकाजवळ. हंस बघायचा का? मग मीच पेन्सिलीला टोक काढलं.

आता शेजाऱ्यांचे सल्ले. ते मी मागितले नव्हते, पण जिन्यात माणूस एकटा सापडला की त्याला पळता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "घर म्हणजे सुरक्षितता. लोखंडी जाळी पाहिजेच." जाळी त्यांच्या मेहुण्याकडे बनते, हे त्यांनी खालच्या पायरीवर आल्यावर सांगितलं. चेअरमनसाहेबांच्या मते घर म्हणजे चपलांचा स्टँड. माणूस आत आहे की बाहेर, ते तिथे कळतं. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "घर म्हणजे बेल. दाबली की आतून कुणीतरी 'आले, आले' म्हणतं, ते घर. तसं कुणी म्हणालं नाही तर ती नुसती खोली." हे मला फार पटलं, पण 'आले, आले' नकाशात कसं दाखवायचं ते मला शिकवलेलं नव्हतं.

शेवटी बायकोला विचारलं.

"ओटा," ती म्हणाली. "आणि ओट्यापाशी आणखी एक माणूस उभं राहील एवढी जागा. चौतीस वर्षांत एका तरी नकाशात काढलीत?"

मी मनातल्या मनात नकाशे आठवत बसलो. नाही काढली.

चार दिवस बसून मी आराखडा तयार केला. समोर तीन पायऱ्या, वर दाराची चौकट. डाव्या अंगाला खिडकीची भिंत. उजवीकडची भिंत पायरीपायरीनं उतरत जमिनीला मिळणारी, जणू घर अजून चाललंय. मागे सोसायटीची कुंपणभिंत होतीच. कोपऱ्यावर अर्धी स्लॅब, बाकी आभाळ. पाहणाऱ्यानं आत यावं आणि उरलेलं घर मनानं बांधावं, ही कल्पना. कल्पना चांगली होती, अजूनही आहे. घोळ झाला तो हाताच्या सवयीनं. मी उत्तर दिशेचा बाण काढला, दाराला द-१ आणि खिडकीला ख-१ असे क्रमांक दिले, आणि खालच्या चौकटीत 'बांधकामाचा प्रकार' असं होतं तिथे चौतीस वर्षं जो शब्द लिहिला तोच लिहिला. निवासी.

सेक्रेटरींनी तो कागद परवानगीसाठी कचेरीत दिला. आठ दिवसांत मंजूर होऊन आला. माझ्या अख्ख्या नोकरीत एकही नकाशा पहिल्या फेरीत मंजूर झालेला मी पाहिला नव्हता. मला इतका अभिमान वाटला की शिक्का कशावर मारलाय हे वाचायचं राहूनच गेलं.

बांधायला मिस्त्री बोलावले. आमच्या न्हाणीघराच्या फरशा त्यांनीच बसवल्या होत्या, आणि आमच्या घरात न हलणारी तेवढीच एक गोष्ट आहे. साठीचे, बारीक, बोलायला तुटक. सकाळी आले ते थापी, घमेलं, ओळंबा, एक पत्र्याची ट्रंक, स्टोव्ह आणि अंथरुणाची वळकटी घेऊन.

"मिस्त्री, एवढं सामान?"

"जिथं काम तिथं मुक्काम, साहेब. चाळीस वर्षं असंच आहे."

"आणि घर?"

"हेच की. काम संपलं की दुसरं."

ओळंबा धरताना ते डावा डोळा मिटून घेत. मी विचारलं तर म्हणाले, "तो रजेवर गेलाय. ह्या उजव्यावर चाललंय."

त्यांना शिल्प हा प्रकार समजावणं सोपं नव्हतं. मी म्हणालो, "हे घर नाही, घराचा भास आहे." त्यांनी मान डोलावली आणि अर्ध्या स्लॅबला पाण्यासाठी ढाळ दिला.

"भासाला ढाळ कशाला?"

"पाऊस शिल्प बघून पडत नाही, साहेब."

खिडकीवर छज्जा आला. चौकटीवर भार पेलायला लिंटल आलं. उंबरा दोन इंच उचलला, आत पाणी येऊ नये म्हणून. एका पाडकामातून जुनं सागवानी दार मिळालं. ते त्यांनी दोन दिवस घासून असं बसवलं की करंगळीनं ढकललं तरी आवाज न करता मिटावं. उजवीकडच्या अर्ध्या भिंतीवरून कुणीही टांग टाकून आत येऊ शकत होतं, पण दारातून यायचं तर कडी वाजवावी लागे. सोसायटीची माणसं गंमत म्हणून कडी वाजवू लागली. मिस्त्री आतून "या" म्हणत. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

मग एक माणूस आला, त्यानं चौकटीवर पत्र्याची पाटी ठोकली आणि गेला. पाटीवर लिहिलं होतं: घर नंबर १७ ब. मंजुरीचा कागद कचेरीत टेबलावरून टेबलावर आपोआप पुढे सरकला होता. मी सेक्रेटरींना म्हणालो, चूक दुरुस्त करू. ते म्हणाले, शोभून दिसतेय, राहू द्या.

त्यानंतर आठवड्यानं घरांची नोंद करणाऱ्या बाई आल्या. मिस्त्री अर्ध्या स्लॅबखाली स्टोव्हवर चहा करत होते. मी पायरीवर बसलो होतो.

"कुटुंबप्रमुख?"

"मीच," मिस्त्री म्हणाले.

"सदस्य किती?"

"एक."

"घर स्वतःचं की भाड्याचं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "कामाचं."

बाईंच्या कागदावर तसा रकाना नव्हता. त्यांनी 'इतर' वर खूण केली, चहा घेतला, आणि नोंदीची एक चिठ्ठी मिस्त्रींच्या हातात देऊन गेल्या. मी हसत होतो. मिस्त्री हसत नव्हते. त्यांनी ती चिठ्ठी उजव्या डोळ्याजवळ नेऊन दोनदा वाचली. मग ट्रंक उघडून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात तीन लिफाफे होते. तिन्हींवरही एकच शेरा: पत्त्यावर राहत नाही.

"कामगारांचं कार्ड असतं ना, साहेब, ते. ते असलं की इस्पितळात डोळ्याचं ऑपरेशन फुकट होतं. तीनदा फॉर्म भरला. ज्या बांधकामावर होतो तिथला पत्ता लिहिला. कार्ड येईपर्यंत बांधकाम पुरं व्हायचं. मालक राहायला आलेला असायचा. तो म्हणणार, असा कोणी माणूस इथं नाही. खरंच नसायचो."

"अहो, मग माझा पत्ता लिहायचा! मी कशाला आहे?"

"तुमच्या घरात मी राहतो का? फॉर्मच्या खाली 'वरील माहिती खरी आहे' असं असतं. त्याच्याखाली माझी सही असते." त्यांनी चिठ्ठी पिशवीत ठेवली. "इथं राहतो. हे खरं आहे. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू उजव्यातही धरायला लागलाय. ओळंबा दिसेनासा झाला की गवंडी संपला."

त्याच दिवशी फॉर्म गेला. कार्ड टपालानं यायला तीन आठवडे लागणार होते. मी गंमत म्हणून काढलेल्या रेघा अचानक जड झाल्या. मिस्त्रींना म्हणालो, काम सावकाश करा. ते म्हणाले, सावकाश काम येत नाही, पण गिलाव्याला दुसरा हात देता येईल.

दुसऱ्या आठवड्यात तक्रार गेली. 'शिल्पामध्ये भाडेकरू ठेवला आहे,' असं त्यात होतं, आणि ज्यांची जाळी मी नाकारली होती त्यांचीच सही होती. चौकशीला कनिष्ठ अभियंता आला. तो एके काळी माझ्या हाताखाली होता. पेन्सिल कशी धरायची इथपासून मी त्याला शिकवलं होतं. आता तो टेप धरून माझ्या घराची लांबी मोजत होता.

"सर, हे निवासी बांधकाम आहे."

"अरे, हे शिल्प आहे!"

"तुमच्याच अक्षरात निवासी लिहिलंय, सर. निवासी म्हटल्यावर संडास कुठंय? कुंपणापासून तीन मीटर अंतर कुठंय? वाहनतळ कुठंय?"

"ही अर्धी भिंत बघ. हिच्यावरून शेळीसुद्धा आत येईल. असं घर असतं का?"

"नियमात शेळी नाही, सर." तो खरोखर ओशाळला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक करा. इथे कोणी राहत नाही, असं लिहून द्या. मी शिल्प म्हणून शेरा मारतो, नंबरची पाटी काढून नेतो, विषय संपला. नाहीतर सात दिवसांत पाडावं लागेल."

आता बघा पेच. लिहून दिलं तर शिल्प वाचतं, पण पत्ता जातो. न लिहिलं तर घर जातं, आणि घर गेल्यावर पत्ता काय आभाळात टांगायचा? सांगायला लाज वाटते, पण मी पेन उघडलं. इतकी वर्षं कीर्तनात पहिल्या रांगेत बसून खरेपणावर मान डोलावली, आणि एका शिल्पाच्या अब्रूसाठी, किंवा खरं सांगायचं तर माझ्याच अब्रूसाठी, 'सदर ठिकाणी' इथपर्यंत लिहूनही झालं.

"मी राहतो, साहेब," मागून मिस्त्री म्हणाले. हाताला गिलावा लागलेला, आवाज नेहमीसारखाच. "बाईंनी लिहून नेलंय. खोटं कशाला?"

मी पेन मिटलं. अभियंत्यानं चौकटीवर सात दिवसांची नोटीस चिकटवली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं. करंगळीनं मिटलं.

मी कचेरीत गेलो. चौतीस वर्षं ज्या खिडकीच्या आत बसलो, तिच्या बाहेर पहिल्यांदाच उभा राहिलो. बाहेरून ती बरीच उंच आहे. कारकून म्हणाला, शिल्पांचं टेबल नाही, पुतळ्यांचं आहे, वर जा. वर गेलो.

"पुतळा कोणाचा?"

"घराचा."

"नाव?"

"घर."

"जन्मतारीख, मृत्युतारीख लागते. थोर कार्याची माहिती दोन प्रतींत."

मी म्हणालो, त्याच्या कार्याची माहिती दोन प्रतींत मावणार नाही. तो म्हणाला, मग तीन द्या. तिथून कलाशाखेत गेलो, तिथल्या बाई रजेवर. तिथून पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी जुने सहकारी मला पाहून जेवणाचे डबे लवकर उघडू लागले. बायकोला हे सांगितलं तेव्हा वाटलं होतं ती म्हणेल, तरी मी सांगत होते. ती एवढंच म्हणाली, "नियम बघा. लोकांना काय विचारता? आयुष्यभर नियमच बघितलेत ना?"

पाचव्या दिवशी मी नियमांचं जुनं पुस्तक मागून घेतलं आणि बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचलं. व्याख्यांच्या पानावर होतं: घर म्हणजे छताखालची अशी जागा, जी दार लावून बंद करता येते. शेजारी एक छोटी आकृती. ती आकृती मीच काढली होती, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. बरी जमली होती. खाली, बारीक अक्षरात: दार नसलेली उघडी रचना, उदाहरणार्थ कमान, पार, बसथांबा, ही इमारत समजू नये. तिला परवानगी लागणार नाही. तिथे कोणी बसावं, झोपावं की राहावं याबद्दल पुस्तकात एक अक्षर नव्हतं.

मी अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, दार काढलंत तर माझ्या टेबलाचा प्रश्नच उरत नाही."

"आणि नंबर?"

"नंबर माझ्या टेबलाकडे नाही. तो रद्द व्हायला वेगळा अर्ज लागतो. तुम्ही करणार आहात का अर्ज?"

"छे."

"मग मी काय बोलू?"

ज्या कचेरीनं मला पाच दिवस दारोदार फिरवलं, तिचा ढिसाळपणा असा पावला. देव कुठल्या टेबलावर बसलेला असेल सांगता येत नाही.

आता उरलं मिस्त्रींना सांगणं. ते दार त्यांनी दोन दिवस घासलं होतं. मी बराच वेळ ढाळाबद्दल, छज्ज्याबद्दल बोलत राहिलो. शेवटी सांगितलं. त्यांनी ऐकलं, पेचकस घेतला आणि बिजागऱ्या सोडवायला लागले.

"वाईट वाटत असेल," मी म्हणालो.

"कशाचं? दार नसलेल्या घराची मला सवय आहे, साहेब." एक स्क्रू निघाला. त्यांनी तो ओठांत धरला, मग हातात घेतला. "बांधकामावर आपण कुठवर राहतो? दार बसेपर्यंत. दार बसलं की मालक कुलूप आणतो. मग वळकटी उचलायची. दोनशेच्या वर घरं झाली. स्वतःच्या हातानं दार बसवायचं आणि स्वतःच बाहेर पडायचं." दुसरा स्क्रू निघाला. "हे पहिलं घर, जिथं दार काढलं म्हणून राहता येतंय."

मी शिल्पकलेवर काही बोलणार होतो. ते सोडून दाराची एक बाजू धरली.

सातव्या दिवशी अभियंता आला, रिकाम्या चौकटीतून आत गेला, बाहेर आला आणि नोटीस स्वतःच्या नखानं खरवडून काढली. विमा एजंट गॅलरीतून बघत होते. त्यांना तो म्हणाला, "बसथांबा आहे." तेव्हापासून ते चौकटीसमोरून जाताना घड्याळ बघतात.

टपाल फॉर्म गेल्यापासून बाविसाव्या दिवशी आलं. पोस्टमन फाटकापाशी उभा राहून पाटीकडे आणि लिफाफ्याकडे आळीपाळीनं बघत होता. "सतरा ब हेच? कडी कुठंय वाजवायला?" मिस्त्री पायरीवर बसून जेवत होते. त्यांनी हात धुतला, पुसला आणि सही केली. कार्डावर फोटो होता, नाव होतं आणि नावाखाली आमच्या कोपऱ्याचा पत्ता होता. तो त्यांनी वाचला नाही, मला वाचायला लावला. मी दोनदा वाचला.

ऑपरेशन नीट झालं. मी आणि बायको दोघंही गेलो होतो. पट्टी सुटल्यावर मिस्त्री परत आले, ओळंबा काढून माझ्या शिल्पाच्या खिडकीला लावला, डावा डोळा उघडा ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "पाव सूत बाहेर आहे. आधी दिसलं नाही." मी म्हणालो, असू द्या, भास आहे. त्या रविवारी त्यांनी ट्रंक बांधली. निघण्याआधी वर आमच्या घरी आले, न विचारता कपाटासमोर गेले, नवी बिजागरी लावली आणि दार मिटून पाहिलं. बायको ओट्यापाशी चहा करत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो, जागा कमी होती तरी. मिस्त्री कुठल्या बांधकामावर जाणार ते मी विचारलं. त्यांनी दिशा सांगितली. पत्ता अजून नाही म्हणाले, पाया चाललाय.

शिल्प अजून आहे. पायऱ्यांवर बायका भाजी निवडतात. मास्तरीणबाईंनी चौकटीला एक जुनी बेल बसवून घेतली आहे. तिला तार नाही. मुलं ती दाबतात आणि आत कुणी बसलेलं असलं तर ओरडतं, "आले, आले." पाटी अजून १७ ब अशीच आहे. रद्द करायचा अर्ज मी केलेला नाही, तुम्हीही कुणाला सांगू नका.

आता माझं मागणं, आणि मग उठा. आज घरी जाल, दार ओढून घ्याल. ते न अडकता, न कुरकुरता मिटलं, तर कडी घालायच्या आधी क्षणभर थांबा. हे दार ज्यानं बसवलं, तो त्याच दिवशी वळकटी उचलून इथून बाहेर पडला असणार. त्याची आठवण करा. नाव माहीत नसलं तरी चालेल.